उलट्या पन्हळीची बखर

बोगदा हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या मनश्चक्षूंपुढे प्रथम उभा राहतो तो बोरघाट: खंडाळ्याच्या चढावर आगगाडीच्या डब्यात अकस्मात दाटणारा अंधार, त्या अंधारात पोरांनी केलेला गिल्ला, आणि पलीकडच्या तोंडाशी पुन्हा उजाडलेली हिरवी दरी. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला बोगदा मात्र कोणी डोंगरात खोदलेला नाही, त्यातून माणसे जात नाहीत, आणि त्याची लांबी एखाद्या खाटेएवढीही क्वचितच भरते. उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशांत स्नोमोबिल नावाची जी गाडी चालते, म्हणजे पुढे दोन घसरत्या स्की, मागे रबराचा एक अखंड फिरता पट्टा आणि वर घोड्यावर मांड टाकावी तसा बसलेला स्वार, तिच्या बैठकीखाली त्या फिरत्या पट्ट्यावर उपडा घातलेला पत्र्याचा लांबट सांगाडा असतो. त्याला तेथील कारागीर ‘टनेल’ म्हणतात. आपल्याकडे पागोळ्यांचे पाणी धरण्यासाठी वळचणीला जी पन्हळ लावतात ती काढून उपडी ठेवली असता या वस्तूची आकृती बरोबर ध्यानात येते.

आकृती इतकी साधी असल्यामुळे तिच्यावर सोपविलेल्या कामांची कल्पना पाहणाऱ्यास सहसा येत नाही. स्वाराची बैठक आणि इंधनाची टाकी हिच्या पाठीवर. पाय ठेवण्याच्या पट्ट्या हिच्या दोन्ही कुशींना. पोटात वेगाने फिरणारा पट्टा, आणि त्या पट्ट्याला बर्फावर दाबून धरणारे, दोन भुजांनी हिलाच खिळलेले सस्पेन्शन. आतल्या अंगाला इंजिनाचे तापलेले पाणी निवविणारे रेडिएटर, ज्यांच्यावर पट्ट्याने उधळलेला बर्फ अखंड आदळत असतो. आणि पुढच्या टोकाला प्रत्यक्ष इंजिनाचा डोलारा. एखाद्या जुन्या वाड्यात दिवाणजी, पाणक्या आणि पहारेकरी या तिघांची कामे एकाच गड्याकडे असावीत आणि त्याचे नाव मात्र कोणी विचारू नये, तशी या बोगद्याची अवस्था आहे. स्नोमोबिलचा इतिहास लिहिणारे इंजिनाच्या अश्वशक्तीबद्दल भरभरून लिहितात. बोगद्याची बखर कोणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. अलीकडे मात्र हौशी स्वार आणि लहान कारखानदार या अल्युमिनियमच्या सांगाड्यास कार्बन धाग्याचे भाग जोडून तो हलका आणि बळकट करण्याच्या खटपटीस लागले आहेत, आणि त्यामुळे या उपेक्षित अवयवाकडे लक्ष वेधले गेले आहे. त्याची पूर्वपीठिका चाळताना एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसून आली, ती अशी की गाडीतून काढलेले वजन कधी नाहीसे होत नाही. चोपडीत एका खात्यावरून उतरवलेली रक्कम दुसऱ्या खाती चढावी तसे ते कोणाच्या तरी नावे मांडले जाते.

वजनाचा हा प्रश्न पुस्तकी नव्हे, हे मला गुलमर्गला कळले. महाराष्ट्रातून जाणारे प्रवासी तेथे हौसेने ‘स्नो स्कूटर’वर बसतात, तसा मीही बसलो. तुडवलेली वाट सोडून गाडी भुसभुशीत बर्फात शिरली आणि मागल्या बाजूने बैलगाडीचे चाक चिखलात रुतावे तशी रुतली. ती वर काढण्यास चालकासह चौघे गडी लागले, आणि पाचवा मी, शिष्टाचारापुरता हात लावून उभा होतो. त्या वेळी बोगद्याच्या शेपटीला धरून ओढणाऱ्या पोराच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला होता.

या प्रकरणाचा आरंभ लाकडात झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील सेनर या खेड्यात कार्ल एलियासन नावाचा एक दुकानदार होता. पायाच्या व्यंगामुळे शिकारीस जाणाऱ्या मित्रांबरोबर बर्फातून चालणे त्याला साधेना, म्हणून दुकानामागील गॅरेजात खटपट करून १९२४ साली त्याने एका लाकडी घसरगाडीला होडीचे अडीच अश्वशक्तीचे इंजिन, फोर्ड मोटारीचा रेडिएटर आणि सायकलचे सुटे भाग जोडले. पुढच्या स्की दोरीने वळत, आणि मध्यभागी लाकडी आडव्या पट्ट्या बसविलेली अखंड साखळी बर्फ मागे ढकलीत असे. १९२७ साली त्याला याचे पेटंट मिळाले. एलियासनच्या या गाडीत बोगदा असा वेगळा नव्हताच. जी फळी स्वाराचे आसन तीच पट्ट्याचे छप्पर. तथापि फिरत्या पट्ट्यावर माणसाने बसायचे तर दोहोंच्या मध्ये काहीतरी भक्कम आच्छादन हवे, ही गरज तेथेच जन्मास आली, आणि ती पहिल्यांदा भागविली ती सुताराने, लोहाराने नव्हे. हा मुद्दा पुढे कामास येणार असल्याने वाचकांनी लक्षात ठेवावा.

त्याच सुमारास कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हालकूर या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिये नावाचा, १९०७ साली जन्मलेला एक मुलगा यंत्रांच्या नादाने घरच्यांच्या जिवाला घोर लावीत होता. १९२२ सालच्या अखेरच्या दिवशी, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने वडिलांनी दिलेल्या जुन्या फोर्ड इंजिनाला विमानासारखा पंखा जोडून एक घसरगाडी गावातून चालवून दाखविली. उघडा पंखा गरगरताना पाहून धास्तावलेल्या वडिलांनी ती तत्काळ मोडून टाकण्याचा हुकूम दिला. हुकमाची तामिली झाली, परंतु नाद सुटला नाही. १९२६ साली त्याने स्वतःचे गॅरेज काढले. त्या काळी क्वेबेकच्या खेड्यापाड्यांतील रस्त्यांवरून हिवाळ्यात बर्फ काढण्याचा कोणताही सरकारी बंदोबस्त नव्हता; चार-पाच महिने मोटारी गोठ्यात बांधल्यासारख्या पडून राहत, आणि वैद्य, पाद्री आणि टपाल हे सर्व घोड्याच्या घसरगाडीवर अवलंबून असत. १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दियेच्या दोन वर्षांच्या मुलाचे आंत्रपुच्छ सुजले. बर्फाने वाट अडवलेली असल्यामुळे त्याला इस्पितळापर्यंत नेता आले नाही आणि ते मूल दगावले. बापाच्या गॅरेजात त्या वेळी बर्फावर चालणारी एक गाडी अर्धवट जुळलेली उभी होती, परंतु ती चालण्याजोगी नव्हती.

पुढल्या वर्षी त्याने दात असलेले रबरवेष्टित चाक आणि त्यात अडकून फिरणारा रबर-कापडाचा पट्टा अशी जोडी सिद्ध केली. १९३७ साली तिचे पेटंट झाले. तिच्यावर प्रथम सात आणि नंतर बारा माणसे वाहून नेणाऱ्या बंद गाड्या निघाल्या. त्यांचे अंग प्लायवुडचे आणि खिडक्या जहाजासारख्या वाटोळ्या होत्या. वैद्यांनी, शाळांनी आणि टपालखात्याने त्या उचलल्या. मग १९४८ साली क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटविण्याचा कायदा केला, मोटारी हिवाळ्यातही धावू लागल्या, आणि लोकांच्या ज्या हालाने कारखाना उभा केला होता तेच दूर झाल्याने कारखान्याचे हाल सुरू झाले. व्यापाराची अशी विपरीत गती क्वचितच इतक्या स्पष्टपणे दिसते.

बोंबार्दियेच्या मनात एका-दोघांची लहान गाडी पूर्वीपासून होती. तिला अडथळा होता तो वजनाचा: तत्कालीन इंजिने इतकी जड होती की लहान गाडी स्वतःच्याच भाराने बर्फात बुडे. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात हलकी इंजिने बाजारात आली, त्याचा मुलगा जेर्मे याने एकसंध रुंद रबरी पट्टा सिद्ध केला, आणि १९५९ साली सात अश्वशक्तीची ‘स्की-डू’ बाहेर पडली. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घ्यावी म्हणून तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते, परंतु छपाईच्या चुकीने ‘डू’ झाले आणि तेच कायम करण्यात आले, अशी कथा सांगतात. त्या वर्षी तिची परीक्षा उत्तर ऑन्टॅरिओतील लॅन्सडाउन हाउस या दूरच्या वस्तीत, बोंबार्दियेच्या एका मिशनरी मित्राकडे झाली. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. इंजिन पुढे, स्वार मागे, आणि स्वाराखाली पट्ट्याला झाकणारी धातूची उपडी पन्हळ, हा स्नोमोबिलचा घाट या गाडीने रूढ केला. बोगदा हा स्वतंत्र अवयव म्हणून येथून पुढे ओळखू येतो.

याच दशकात मिनेसोटातील रोझो या सरहद्दीवरच्या गावी शेतीची अवजारे बनविणाऱ्या हेटीन बंधूंच्या कारखान्यात, ज्याचे पुढे पोलॅरिस झाले, भागीदार डेव्हिड जॉन्सन याने १९५५-५६ च्या हिवाळ्यात धान्य चढविण्याच्या यंत्राची साखळी आणि मोटारीच्या बंपरच्या पट्ट्या वापरून एक गाडी जुळविली. तिचे वजन सुमारे १००० पौंड. धाकट्या मंडळींच्या या खेळाने कामाचा खोळंबा होतो म्हणून एडगर हेटीन प्रथम नाराज होता, परंतु मजुरांचे पगार भागविण्यासाठी ती गाडी ४६५ डॉलरला विकली गेली तेव्हा त्याची नाराजी मावळली. इतकेच नव्हे, तर १९६० साली त्याने स्वतः अशाच गाड्या घेऊन अलास्का ओलांडून सुमारे १२०० मैलांची मजल मारली. परत येतो तो भागीदारांशी बेबनाव. तो बाहेर पडला आणि थीफ रिव्हर फॉल्स येथे त्याने प्रतिस्पर्धी कारखाना काढला. ‘आर्क्टिक कॅट’ ती हीच.

साठ-सत्तरच्या दशकांतील भरभराटीचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. शेकड्याने कारखाने निघाले, १९७१ च्या सुमारास वर्षाकाठी जवळजवळ पाच लाख गाड्या विकल्या गेल्या, पुढे तेलाची टंचाई आणि कमी बर्फाचे हिवाळे यांनी बहुतेकांची दिवाळी दिवाळखोरीत निघाली. राल्फ प्लेस्टेड नावाचा मिनेसोटातील एक विमा एजंट १९६८ च्या एप्रिलमध्ये स्की-डूवर बसून उत्तर ध्रुवावर पोचला, एवढे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

खरी विचार करण्यासारखी हकीकत आहे ती फिनलंडच्या ईशान्य कोपऱ्यातील. तेथील स्कोल्ट सामी लोक रेनडियर पाळून राहत. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या मुलखात स्नोमोबिल शिरली आणि अवघ्या काही हिवाळ्यांत रेनडियर जुंपलेल्या घसरगाड्या अडगळीत गेल्या. पेर्टी पेल्टो या मानवशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर एक ग्रंथच लिहिला. पूर्वी वाहन, वाहनाचे खाद्य आणि वाहनाची दुरुस्ती हे सर्व त्या भूमीतच मिळे; आता गाडी, पेट्रोल आणि सुटे भाग यांसाठी रोकड लागू लागली, ज्यांना ती जमली नाही त्यांचे कळप गेले, आणि समानतेने राहणाऱ्या समाजात सधन-निर्धन असा भेद उमटला. गाडी जनावरांहून वेगवान होती. तिचे ओझे सामींच्या संसारावर पडले. ज्या खातेपालटाविषयी मी वर लिहिले, त्याची याहून ठळक नोंद मला कोठे सापडलेली नाही. तरी एक गोष्ट सामींच्या बाजूस होती. ती गाडी धातूची होती. वाकली तर ठोकून सरळ करता येई, फाटली तर पत्र्याचा तुकडा लावून रिबिटा मारता येत, आणि ज्याने आयुष्यभर खोगीर आणि घसरगाडी स्वतः दुरुस्त केली त्याला हे शिकण्यास एक हिवाळा पुरे होई.

बोगद्यासाठी कालांतराने अल्युमिनियम सर्वमान्य झाले, आणि त्याची कारणे सरळ आहेत. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, अल्युमिनियमची २.७ पट, शिवाय ते गंजत नाही, घडीच्या यंत्रावर मुकाट्याने वाकते, आणि उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्यामुळे रेडिएटर बोगद्याच्याच अंगात मुरवता येतो. सपाट पत्रा कापावा, दोन घड्या घालून पन्हळ करावी, पुढे इंजिनाच्या सांगाड्याला रिबिटांनी जोडावी, की काम झाले. जोवर गाड्या तुडवलेल्या वाटेवरून बसल्या बैठकीने चालत होत्या तोवर या साध्या पन्हळीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रारी सुरू झाल्या त्या रॉकी पर्वतात. वायोमिंग, आयडाहो, युटा आणि ब्रिटिश कोलंबिया येथील डोंगरउतारांवर कमरेइतका कोरडा, पिठासारखा बर्फ पडतो; त्यात तरंगायचे तर पट्टा लांब हवा. सपाटीवरच्या गाडीचा पट्टा १२१ इंच घेराचा असे. पर्वतातील गाड्यांचे पट्टे १३६, १५१, १६३ असे वाढत १७४ इंचांच्याही घरात गेले. पट्टा लांबला तसा बोगदा लांबला, आणि लांबलेला बोगदा म्हणजे लांबलेली तरफ. त्यातच २००३ च्या सुमारास स्की-डूच्या ‘रेव्ह’ या नमुन्यापासून स्वार पुढे सरकला आणि उभ्याने, गाडी कुशीवर कलवीत, उड्या घेत चालविण्याची रीत पसरली. उडीवरून गाडी खाली येते तेव्हा सगळा आघात सस्पेन्शनच्या भुजांच्या मोजक्या बोल्टांतून बोगद्याच्या पातळ कुशींत शिरतो. मग भुजेच्या मागील बाजूस पत्र्याला सुरकुती पडते, बोल्टाच्या भोकापासून केसासारखी चीर निघते, पाय ठेवण्याची पट्टी दबते, आणि गाडी उलटली तर शेपूट वर उचलले जाते. उपाय म्हणून आतून-बाहेरून जाड पत्र्याची ठिगळे मारण्याची चाल पडली. परंतु ठिगळ म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे गुलमर्गच्या त्या पोराच्या कपाळावरील घाम. बळकटी हवी आणि भार नको, असा हा पेच होता.

तो सोडविणारे द्रव्य पर्वताशी कसलाही संबंध नसलेल्या ठिकाणी जन्मले होते. एडिसनच्या दिव्यातील तार जळालेल्या बांबूची असे, आणि तो बांबू जपानातील क्योटोजवळच्या यावाता येथून आणला जाई; म्हणजे कार्बनचा धागा एकोणिसाव्या शतकातच घरोघर लोंबत होता, मात्र तो प्रकाश देई, भार वाहत नसे. १९५८ साली ओहायोतील पार्मा येथील युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन याला अत्यंत बळकट असे ग्रॅफाइटचे तंतू मिळाले. त्यानंतर थोड्याच काळात ओसाका येथील सरकारी संशोधनसंस्थेत अकिओ शिंदो यांनी, ज्यांच्या नावाने मराठी वाचकाला उगाचच आपले शिंदे आठवावेत, पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम सुतापासून तसा धागा काढण्याची रीत दाखविली, आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमानसंस्थेने १९६३-६४ मध्ये ती अधिक बळकट केली. रीत ऐकायला सोपी आहे: सूत ताणून धरून प्रथम दोन-तीनशे अंशांवर हवेत भाजावे, मग प्राणवायू वगळून हजार-दीड हजार अंशांवर तापवावे; कार्बनखेरीज बहुतेक सारे उडून जाते आणि केसाच्या दशांशाइतक्या जाडीचा काळा धागा उरतो.

या धाग्यावर भाळून रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या नव्या विमानइंजिनाची पाती त्याची केली. पक्ष्याची धडक सोसते का हे पाहण्यासाठी त्यावर कोंबडी झाडण्यात आली, आणि पात्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. टायटॅनियमकडे माघार घ्यावी लागली, त्या इंजिनाचा एकूण खर्च हाताबाहेर गेला, आणि १९७१ च्या फेब्रुवारीत ती जगद्विख्यात पेढी दिवाळखोर ठरली. त्याच वर्षी जपानच्या तोरे कंपनीने हा धागा व्यापारी प्रमाणावर काढण्यास सुरुवात केली. काही काळ तो गोल्फच्या काठ्यांत आणि मासे धरण्याच्या गळांत रमला. १९८१ साली मॅक्लारेन संघाने शर्यतीच्या मोटारीचे अख्खे अंग कार्बनचे केले. ते काम अंगावर घेण्यास तयार झाली ती हर्क्युलिस कंपनी, रॉकेटांची इंजिने बनविणारी, युटातील सॉल्ट लेक शहराजवळची. म्हणजे ज्या कारखान्यातून त्या शर्यती मोटारीचे कार्बनचे अंग निघाले त्याच्या अंगणातून वासाच पर्वतरांगेची बर्फाच्छादित शिखरे दिसत होती. ज्ञान आणि गरज इतकी शेजारी-शेजारी राहूनही त्यांची ओळख व्हायला पुढे बराच काळ जावा लागला, कारण या धाग्याची किंमत विमानाला परवडे, हौशी स्वाराला नव्हे.

प्रथम तो नाजूक कामांत आला: इंजिनावरील झाकण, पट्ट्याचे आवरण, बैठकीचा तळ. स्नो किंग डोंगरावर वायोमिंगमधील जॅक्सन येथे वर्षानुवर्षे भरत आलेल्या चढाईच्या शर्यतीसारख्या ठिकाणी प्रत्येक पौंडाचा हिशेब होतो, आणि तशा शर्यतबाजांच्या गोठातून ही चाल हौशी स्वारांत उतरली. २०१० नंतरच्या दशकात पोलॅरिसने आपल्या पर्वतगाडीत अल्युमिनियमचे भाग रिबिटांऐवजी डिंकाने, म्हणजे इपॉक्सीने, चिकटविले, आणि सुकाणूच्या दांड्यास धरून ठेवणारा त्रिकोणी सांगाडा कार्बनच्या नळ्यांचा केला. अशा गाडीचे कोरडे वजन दोनशे किलोच्या आत आले. बोगद्याला हात घातला तो लहान कारखान्यांनी आणि घरच्या गॅरेजात रात्री जागविणाऱ्यांनी. एलियासनचे आणि बोंबार्दियेचे वंशज तेच.

त्यांचे गणित असे. कार्बन धागा आणि राळ यांच्या पत्र्याची घनता १.६ च्या आसपास, म्हणजे अल्युमिनियमच्या सुमारे साठ टक्के. तेव्हा तेवढ्याच वजनात पत्रा पावणेदोनपटीच्या जवळपास जाड करता येतो. आणि पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, धागे सर्व दिशांना सारखे विखुरले तरी ताठपणा तिपटी-चौपटीच्या घरात जातो. दोन थरांमध्ये फेस किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी भरली तर विचारायलाच नको. परंतु कापड साच्यावर अंथरून, राळ मुरवून, निर्वात पिशवीखाली भट्टीत भाजून काढलेली ही काळी पन्हळ अल्युमिनियमच्या स्वभावाची नाही हे न ओळखता जो तिला पत्र्यासारखी वागवतो, तो फसतो. ज्या दिशेस धागा आहे त्या दिशेस तिचे बळ; आडव्या दिशेस ती निव्वळ राळ. हा स्वभाव कोणाचा? लाकडाचा. उभा तंतू आणि आडवा तंतू, गाठ कोठे येते आणि फाळ कोठून निघेल, हे ज्याला कळते तो सुतार. आणि बोगद्यासाठी कापड अंथरणारा कारागीर हेच प्रश्न विचारतो: भुजेचा आघात कोणत्या रेषेने जाणार, म्हणून धागा तिरपा टाकावा की उभा? कित्येक दशके लोहारकीत घालवून ही गाडी एलियासनच्या सुतारकामाकडे वळली, असे म्हटले तर कारागीर हसतील, पण नाकारणार नाहीत.

खटपटींचे इतर तपशीलही मनोरंजक आहेत. कार्बन आणि अल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि अल्युमिनियम पोखरले जाते. म्हणून दोहोंमध्ये काचेच्या धाग्याचा एक थर घालावा लागतो, सोवळ्या-ओवळ्याच्या मध्ये पाट ठेवावा तसा. बोल्टाचे भोक नुसते पाडून चालत नाही. तेथे धातूची टोपी बसवून भार पसरवावा लागतो, नाहीतर भोकाच्या कडा भुगा होतात. सायलेन्सरजवळ राळ मऊ पडू नये म्हणून आडोसा लागतो. आणि सर्वांत अवघड म्हणजे रेडिएटर: असा पत्रा उष्णता वाहण्यात अल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे बोगद्याच्या अंगाने आजवर फुकट केलेले हे काम वेगळ्या अल्युमिनियमच्या रेडिएटरकडे सोपवावे लागते, आणि तो आपले वजन घेऊन येतो. वाचविलेल्यातले थोडे तेथे परत जाते. थोडे निसर्गही परत घेतो. दिवसभर चाललेल्या गाडीच्या कोनाकोपऱ्यांत, सस्पेन्शनमध्ये आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्यांवर बर्फ आणि चिखलगार पाणी गोठून जो भार साठतो, तो कित्येकदा महागड्या कार्बनने वाचविलेल्या वजनाहून अधिक असतो. यावर त्या स्वारांचा तोडगा म्हणजे मुक्कामी पोचताच लाकडी दांडक्याने तो झोडपून काढणे. कार्बनच्या भागाजवळ मात्र दांडके जरा बेताने.

कारण हा पत्रा चेपत नाही, तो तुटतो. अल्युमिनियम दगडावर आपटले की खोक पडते आणि ती दिसते. स्वार हळहळतो, परंतु गाडी घरी येते. कार्बनच्या थरांना आतल्या आत फट पडली तर वरून तुळतुळीत दिसते आणि पुढच्या उडीला एकदम हाती तुकडे येतात. जाणकार नाण्याने टकटक करून आवाज ऐकतात. कुंभाराकडून मडके घेताना आपल्या आयाबाया जे करीत आल्या तेच. म्हणून मला विचाराल तर अख्खा बोगदा कार्बनचा करण्यापेक्षा अल्युमिनियमची पन्हळ ठेवून जेथे सुरकुत्या पडतात त्या कुशींना, भुजांच्या बोल्टांभोवती आणि शेपटीला कार्बनचे थर चिकटविणे अधिक शहाणपणाचे. यात भार थोडाच वाढतो, बळकटी पुष्कळ मिळते, रेडिएटर जागच्या जागी राहतो, आणि थर फुटलाच तरी खालचा पत्रा स्वाराला डोंगरात टाकून देत नाही. शर्यतबाजाची गोष्ट वेगळी. त्याच्यामागे दुरुस्तीची गाडी उभी असते.

ज्यांच्या पोटापाण्याशी स्नोमोबिल बांधलेली आहे त्यांनी या साऱ्याकडे जवळजवळ पाठ फिरविली आहे. रेनडियर राखणारा सामी, सापळे लावणारा कॅनडातील शिकारी, वीजतारांची पाहणी करणारा नोकर, सियाचेन हिमनदीवर रसद ओढणारा आपला जवान, यांची गाडी रुंद पट्ट्याची, जड आणि दणकट असते. मागे ओझ्याची घसरगाडी बांधायची असल्यामुळे तिला थोडे वजन हवेच असते, आणि बिघडली तर ती तेथेच, हातमोज्यांनी, हाताशी असलेल्या पान्याने दुरुस्त व्हावी लागते. कार्बनचा कारभार बर्फावर खेळायला जाणाऱ्यांचा आहे.

बोंबार्दियेने १९२६ साली काढलेले ते गॅरेज व्हालकूर येथील त्याच्या नावाच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहे. आणि कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य स्नोमोबिलांचा बोगदा आजही अल्युमिनियमच्या घडी घातलेल्या पत्र्याचाच असतो.